उद्योग आणणाऱ्यांनाही प्रशिक्षण हवे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मनुष्यबळ विकासाची चर्चा बहुधा तरुणांना कोणते कौशल्य शिकवावे, एवढ्यापुरतीच राहते. गुंतवणूक आणणे आणि उद्योजकांशी वाटाघाटी करणे हे ज्यांचे काम, त्या आर्थिक विकास अधिकाऱ्यांनाही या विषयाचे रीतसर शिक्षण लागते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जमीन, पाणी, वीज आणि करसवलती यांचे तपशील त्यांना तोंडपाठ असतात. मात्र अनुभवी यंत्रचालक आणि पर्यवेक्षक कोठून मिळतील, असे कारखानदाराने विचारले की पदवीधरांची एकूण संख्या पुढे केली जाते.

सिंगापूरने ही उणीव लवकर ओळखली. तेथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आर्थिक विकास मंडळाने, म्हणजे गुंतवणूक आणणाऱ्या यंत्रणेनेच, १९७२ मध्ये टाटांबरोबर आणि नंतर फिलिप्ससारख्या कंपन्यांबरोबर संयुक्त प्रशिक्षण केंद्रे काढली. अमेरिकेत २०१४ च्या मनुष्यबळविषयक कायद्याने रोजगार-प्रशिक्षणाचे नियोजन करणाऱ्या स्थानिक मंडळांत उद्योगक्षेत्राचे बहुमत आणि आर्थिक विकासाचे काम करणाऱ्यांचा प्रतिनिधी असणे बंधनकारक केले. अर्थात खुर्ची मिळाली म्हणून तेथे कोणता प्रश्न विचारायचा हे आपोआप उमजत नाही.

प्रशिक्षणाची खरी गरज तेथेच आहे. ‘माणसे मिळत नाहीत’ ही मालकांची तक्रार जशीच्या तशी अहवालात उतरते. माणसे मुळातच नाहीत, की देऊ केलेल्या पगारात ती यायला तयार नाहीत, की रात्रपाळी संपल्यावर घरी परतायला वाहन नाही, की लहान मुलांना ठेवायला पाळणाघर नाही, याचा उलगडा केल्याशिवाय नवा अभ्यासक्रम सुरू करणे म्हणजे रोग न तपासता औषध देणे होय. रिक्त जागा, वेतन आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण यांची आकडेवारी एकत्र वाचायला अधिकाऱ्याला यायला हवे. सवलतीचा करार करताना सार्वजनिक पैसा एकाच कंपनीच्या एकाच यंत्रापुरत्या कौशल्यावर खर्च होतो आहे, की कामगाराला उद्या दुसरीकडेही उपयोगी पडेल अशा कौशल्यावर, हेही त्याला पारखता आले पाहिजे. पहिल्या प्रकारचा खर्च खरे तर कंपनीनेच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सारे दोन दिवसांच्या कार्यशाळेत आणि चकचकीत सादरीकरणांत साधणारे नाही. या अधिकाऱ्यांनी काही आठवडे प्रशिक्षण संस्थेत आणि काही आठवडे कारखान्याच्या भरती विभागात काढावेत. त्यांच्या कामाचे मोजमापही वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून न करता, प्रशिक्षित व्यक्ती वर्षभरानंतर त्याच कामावर टिकली का आणि तिचे वेतन वाढले का, यावरून व्हावे. ही माहिती गोळा करणे किचकट आहे खरे, परंतु पगारपत्रकांत ती आधीच नोंदलेली असते.

आपला,
एक वाचक