पक्याला पत्र: सुकटीच्या वासाचं रामेन

प्रिय पक्या,

मी पाठवलेला रामेनचा, म्हणजे इथल्या रश्श्यातल्या नूडल्सचा, फोटो बघून "रस्सा एवढा गढूळ का रे?" एवढंच विचारलंस आणि गायब झालास. आता याचं उत्तर व्हॉट्सॅपवर दोन ओळीत देता येत नाही म्हणून निवांत बसून लिहितोय, चहा घेऊन वाच.

तोक्योच्या शिंजुकूत गोल्डन गाई म्हणून एक भाग आहे, हानाझोनो देवळाला लागूनच. दोनशेच्या वर टीचभर बार, गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरायचं. तिथे 'नागी'चं रामेन दुकान आहे, वरच्या मजल्यावर, जिना म्हणजे जवळपास शिडीच, आणि मध्यरात्र उलटून गेली तरी चालू. पत्ता पाठ करायची गरजच नाही, गल्लीत शिरायचं आणि नाकाच्या मागे जायचं. पक्या, शप्पथ सांगतो, तो वास आपल्या सुकटीचा! मालवणात मे महिन्यात पावसाआधीची सुकी मासळी भरताना तुमच्या पडवीत जो यायचा तोच. मी तिथेच उभा राहून हसायला लागलो, सोबतच्या ऑफिसवाल्याला वाटलं याला चढली.

आणि बघ ना, पुण्यात फ्लॅटवर एकदा जवळा भाजला तर सोसायटीवाले दारात आले होते, नंतर आम्ही खिडक्या लावून, उदबत्ती लावून भाजायचो, चोरासारखं. इथे तोच वास गल्लीभर पसरलेला आणि लोक त्या वासासाठी जिन्यात रांग लावून उभे, टाय लावलेले! मला तर वाटतं आपण उगाच लाजत आलो.

असो. दारात मशीन असतं, पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर ठेवायचं. हजार येनच्या वर जातं आता. इथे रामेनवाल्यांच्यात 'हजार येनची भिंत' म्हणतात, म्हणजे त्याच्यावर भाव नेला की गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण ही भिंत आता बऱ्याच ठिकाणी पडलीय. आत काउंटरला मोजक्या खुर्च्या, कोपराला कोपर, बोलणं जवळजवळ नाहीच, फक्त सुर्र सुर्र. आवाज करून ओढायचं हेच बरोबर, कारण त्याने हवा आत जाते आणि वास घशातून वर नाकात चढतो, आणि या प्रकारात अर्धी मजा तर वासाचीच आहे.

वाडगा आला. तपकिरी रस्सा, वर तेलाचा तवंग, चाशूचा म्हणजे शिजवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, कांद्याची पात, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाची पापडी, आणि नूडल्स जाड, वाकड्यातिकड्या, मधेच एखादी पट्टी एवढी रुंद की ती चघळावीच लागते. पहिला घोट खारट, मग मासळी येते जोरात, आणि मग जिभेच्या मागे कडूपणा. हा कडूपणा चुकून राहिलेला नाही बरं का. घरी जपानी बायका मिसो सूपसाठी, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सारासाठी, हेच सुके मासे वापरतात तेव्हा डोकं आणि पोटातला काळा भाग काढून टाकतात, रात्रभर गार पाण्यात भिजत घालतात, म्हणजे कडू होऊ नये. ही कडक रामेनवाली मंडळी बरोबर उलटं करतात, डोक्यासकट घालतात, उकळतात, काही जण तर मासा दळूनच मिसळतात. म्हणून गढूळ, कळलं? नागीवाले सांगतात की वीसहून जास्त प्रकारचा सुका मासा मिसळतो आणि एका वाडग्याला ६० ग्रॅमच्या वर लागतो. ६० ग्रॅम सुका मासा म्हणजे आपल्याकडे अख्ख्या घराचं कालवण होईल रे.

माशाचं नाव निबोशी. आपण बोंबील कच्चाच वलांडीवर टांगतो ना, तसं नाही. हे लोक पकडल्या पकडल्या मिठाच्या पाण्यात उकळतात आणि मग वाळवतात. उकळला की मासा स्वतःच आतून कुजायचा थांबतो. बहुतेक निबोशी ज्या माशाची करतात तो काताकुची इवाशी, आणि हा आपल्या मांदेलीच्या कुळातला, म्हणजे चुलतभाऊच झाला! बाकी बांगड्यासारखे, उडणारे मासे वगैरे पण वाळवतात. चांगला कसा ओळखायचा ते ऑफिसातल्या एकाने शिकवलं: अंग चंदेरी चमकणारं, पाठ वाकलेली, पोट फुटलेलं नाही. पिवळट झाला असेल तर चरबी खवट झालीय, घ्यायचा नाही. काकू बाजारात अगदी असंच बघून घ्यायच्या की.

हा ऑफिसवाला आओमोरीचा, म्हणजे होन्शू बेटाच्या पार उत्तर टोकाचा, आणि त्याच्यासमोर तोक्योच्या रामेनचं फार कौतुक केलं की त्याचं तोंड वाकडं होतं. त्याच्याकडे त्सुगारू भागात रामेन म्हणजे निबोशीचंच, शिवाय 'याकिबोशी' म्हणून एक, ज्यात मासा उकळत नाहीत, डोकं-पोट काढून निखाऱ्यावर भाजून वाळवतात. रस्सा पातळ आणि साफ. आणि लोक सकाळी कामाला जायच्या आधी खातात! सकाळी ७ वाजता मासळीचं रामेन. तसं तोक्योतही हे काल-परवाचं फॅड नाही हां, एइफुकुचो भागातलं ताइशोकेन हे दुकान १९५५ पासून निबोशीचा रस्सा देतंय, वर डुकराच्या चरबीचा थर असतो म्हणून शेवटपर्यंत तोंड पोळतं.

तू केमिस्ट्रीवाला म्हणून एक सांगतो. कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातलं ग्लुटामेट हे चव आणणारं द्रव्य जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदांनी १९०८ साली वेगळं काढलं, आणि सुक्या माशातलं इनोसिनेट, हेही चवीचंच द्रव्य, त्यांच्याच शिष्याने, कोदामाने, १९१३ मध्ये. ही दोन एकत्र आली की चवीची बेरीज होत नाही, कितीतरी पट वाढते. आता रश्शातल्या सोया सॉसमध्ये ग्लुटामेट आणि निबोशीत इनोसिनेट, म्हणजे वाडग्यात काय चाललेलं असतं ते तूच तुझ्या पोरांना फळ्यावर समजाव.

या सगळ्याच्या पुढची पायरी म्हणजे 'सेमेंतो' प्रकार, खरंच ओल्या सिमेंटच्या रंगाचा, हाडांचा दाट रस्सा आणि त्यात मासा, चमचा टाकला की हळूच बुडतो. मी खाल्लंय. चार घास भारी, मग तोंड थकतं. याचे भक्त आहेत इथे, पण माझ्या मते तिथे कोण जास्त कडू करतो याचीच चढाओढ चालते, चव मागे पडते. नागीचं मला मधोमध वाटतं. आओमोरीवाल्याचं मत वेगळं, तो म्हणतो पातळ रश्शात चोरी लपत नाही. आणि हो, बऱ्याच दुकानात 'आएदामा' मिळतं, म्हणजे पहिल्या नूडल्स संपल्या की आणखी एक वाटी, तेल-मसाला लावलेली, आधी अर्धी कोरडी खायची आणि उरलेली राहिलेल्या रश्शात ढकलायची. उपाशी गेलास तरच घे.

तू ऑक्टोबरात येतोयस तर पहिल्याच रात्री नेतो. वहिनीला मात्र आधीच सांग, चाशू डुकराचं असतं आणि बहुतेक दुकानात रश्शातही डुकराची नाहीतर कोंबडीची हाडं असतात, तेव्हा मांस काढून ठेवून भागत नाही. तिच्यासाठी सोबा म्हणजे बकव्हीटच्या नूडल्स बघू, नाहीतर निशी-कासाईला, तोक्योतल्या भारतीयांच्या वस्तीत, डोसा आहेच. पांढरा शर्ट घालू नकोस, आणि कोकमं आण, इथली संपली.

तुझा,
संज्या