बाइंडर म्हणजे भेसळ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पानांच्या पावडरीच्या कॅप्सूलमध्ये डिंक नि खळ घालून नुसते वजन वाढवतात, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांचा राग समजतो, पण नेम चुकला आहे. डिंक नि खळ हे बाइंडर, म्हणजे पावडर बांधून तिचे दाणे करणारे चिकट पदार्थ. ग्रॅन्युलेशन, म्हणजे असे दाणे पाडण्याच्या विभागात माझी 31 वर्षे गेली, म्हणून राहवले नाही.

वाळल्या पानांची पावडर हे मोठे हट्टी प्रकरण. हलकी, तंतुमय, चमचाभर घेतली तरी नाकात जाते आणि मशीनच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या नरसाळ्यात, ओतली की वर कमान धरून बसते, खाली काही उतरत नाही. शून्य नंबरच्या कॅप्सूलमध्ये जागा असते 0.68 मिलिलिटर. आमची पावडर त्यात जेमतेम 200 मिलिग्रॅम मावायची. तिचेच दाणे पाडले की 300 च्या आसपास. त्यातला बाइंडर वजा केला तरी पान जास्तच जाते! दाणे सरसर उतरतात, त्यामुळे कॅप्सूलचे वजनही एकसारखे येते.

गोम आहे ती प्रमाणात. माझीच चूक सांगतो. दाणे चाळताना फार भुगा पडतो म्हणून मी स्टार्चची खळ 5 टक्क्यांवरून 10 वर नेली. दाणे देखणे आले, भुगा नाही, सगळे खूश. तपासणीत 37 अंशाच्या पाण्यात जिलेटिनचे कवच पाच-सहा मिनिटांत विरघळले. आतले हिरवट दाणे मात्र नळीच्या तळाच्या जाळीवर छर्र्यांसारखे वर-खाली नाचत राहिले. कॅप्सूल पुरती विखुरण्याची औषधकोशाची मर्यादा 30 मिनिटांची. ती उलटली तरी ते तसेच. अख्खी बॅच गेली. त्या पानांत मुळातच बुळबुळीत चिकट द्रव्य होते, नुसत्या पाण्यानेही ती निम्मीअधिक बांधली जात. हे मला आधी सुचायला हवे होते.

गंमत म्हणजे उपायही स्टार्चच निघाला. शिजवून खळ केली की तो दाणा बांधतो. कोरडा मिसळला की पाणी शोषून फुगतो आणि तोच दाणा फोडतो. खळ कमी केली, थोडा कोरडा स्टार्च दाण्यांच्या आत नि थोडा बाहेर घातला, आणि काम झाले. पीव्हीपी हा कृत्रिम बाइंडर खळीहून कमी प्रमाणात भागतो, पण तो हवेतला ओलावा ओढतो. पानांची पावडरही ओढतेच, म्हणून तिथे जपून.

तेव्हा मागणी करायचीच तर बाइंडर बंद करा अशी नको. एका कॅप्सूलमध्ये पान किती मिलिग्रॅम आणि बाकीचे घटक कोणते, किती, हे लेबलवर वेगवेगळे छापा, अशी करावी. आणि घरी पाहायचेच असेल तर कॅप्सूल कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. कवच विरघळले की नाही ते बघू नका, ते विरघळतेच. आतला दाणा बोटांत धरून दाबा आणि तो फुटतो का ते बघा.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण तंत्रज्ञ