नाक्सोसच्या काकांना, कोल्हापूरहून

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे. तुमच्या लेकीच्या फोनवरच्या भाषांतराच्या ॲपला थोडी मेहनत पडेल, पण आईचं म्हणणं पडलं, "मनापासून लिहायचंय ना, मग आपल्या भाषेत लिही. त्यांचं ते बघून घेतील." शिवाय आईवडिलांना घेऊन ग्रीसला निघालेल्या आपल्याकडच्या कुणी हे वाचलं तर त्यांनाही तुमच्या बेटाचा अंदाज येईल, हा माझा स्वार्थ.

तुम्ही तुमच्या गाडीतून मला आणि आईबाबांना दिवसभर बेट फिरवलंत, त्याचे हे आभार. नेमके कशाचे, ते आधी सांगते. गाडी वेळेवर आली, एसी चालू होता, पाण्याच्या बाटल्या गार होत्या. हे सगळं पैसे मोजले की मिळतं. पण बुकिंगच्या फोनवर तुम्ही मला जे प्रश्न विचारलेत, त्यातला शेवटचा मला आजवर कुठल्या टूरवाल्याने विचारलेला नाही. घाटात कुणाला गाडी लागते का? पायऱ्या कुणाला चढवत नाहीत? जेवणात काय चालत नाही? आणि वडील काय काम करायचे? मी सांगितलं, कोल्हापूरला उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये होते, ग्राइंडिंगवर, आता रिटायर झालेत. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. मला वाटलं, बोलायचं म्हणून विचारलं असेल.

माझी यादी लांबलचक होती. पोर्तारा म्हणजे जुन्या देवळाचं दार, डिमीटरचं देऊळ, खाल्की आणि अपिरांथोस ही गावं, अपोलोनासचा कुरोस म्हणजे तरुणाचा प्राचीन पुतळा, वर एखादा बीच. नाक्सोस नकाशावर टीचभर दिसतं, पण सायक्लडीज बेटांमध्ये ते सगळ्यात मोठं, ४३० चौरस किलोमीटरच्या आसपास. मधोमध झास डोंगर हजार मीटर उंच, त्यामुळे रस्ते सगळे घाटाचे. बंदरावर भेटल्या भेटल्या तुम्ही बॉनेटवर नकाशा पसरलात आणि पहिली काट मारलीत ती पोर्तारावर. "हे काय समोर दिसतंय. ऊन उतरलं की चालत जा. त्याचे मला कशाला पैसे?" दुसरी काट अपोलोनासवर. तो अर्धवट कोरलेला, दहा मीटरहून लांब पुतळा म्हणजे बेटाची शान. पण जायला तासाच्या वर, यायला तेवढंच, आणि आईचे गुडघे गाडीतच आखडले असते. "त्याचा धाकटा भाऊ वाटेत आहे, त्याला भेटू," म्हणालात. बीचचं तर नावच काढलं नाहीत. स्वतःच्या धंद्याला अशी कात्री लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पोर्ताराला आम्ही संध्याकाळी गेलो. इ.स.पूर्व ५३०च्या सुमारास लिग्डामिस नावाच्या हुकूमशहाने अपोलोचं भलंमोठं देऊळ काढलं, त्याची सत्ता गेली, काम राहिलं. उरली ती संगमरवराची एकटी चौकट. बाकीचे दगड पुढे व्हेनिसवाल्यांनी वरच्या किल्ल्याला नेले, म्हणतात. मेल्तेमी वारा सुटला होता, बांधावरून लाटा उडत होत्या. बाबांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली आणि ते लहान पोरासारखे खूश होते. तुम्ही सांगितलेली वेळ बरोबर होती. सकाळी तिथे क्रूझच्या माणसांची जत्रा असते.

सांग्रीजवळच्या डिमीटरच्या देवळापाशी तुम्ही केलंत ते मी सगळ्यांना सांगते. तुमच्या देशात परवाना असलेला गाइडच पुरातत्त्वाच्या जागेच्या आत माहिती सांगू शकतो, ड्रायव्हरने फाटकाबाहेर थांबायचं. आत शिरून हळूच चार गोष्टी सांगणारे कमी नसतील. तुम्ही मात्र फाटकाच्या अलीकडे, पार्किंगच्या धुळीत, वाळक्या काटकीने सगळं देऊळ काढून दाखवलंत. हा दरवाजा, हे खांब, छतसुद्धा संगमरवराचं. मग त्याच रेघांवर दुसऱ्या रेघा ओढल्यात. धान्याच्या देवीचं हे देऊळ इ.स.पूर्व सहाव्या शतकातलं, आणि हजारेक वर्षांनी त्याचंच चर्च झालं. पुढे ते पडलं, आणि विसाव्या शतकात ग्रीक आणि जर्मन अभ्यासकांनी आजूबाजूचे दगड जुळवून जेवढं उभं राहील तेवढं उभं केलं. आत गेल्यावर आई एकेका दगडापाशी थांबून म्हणायची, "ही बघ, काटकीची दुसरी रेघ." तिने दारात चपला काढायला घेतल्या, तर फाटकापलीकडून तुम्ही हातवारे केलेत. तो दगड दुपारी तव्यासारखा तापतो हे आम्हाला कुठून ठाऊक!

खाल्कीत १८९६पासून चालू असलेली वाल्लिंद्रासांची दारूची भट्टी आहे. तिथे तांब्याचं जुनं यंत्र आहे आणि बेटाचं खास पेय कित्रो मिळतं. हिरवं, पिवळं आणि बिनरंगी. हिरवं गोड आणि हलकं, पिवळं कडक. बाबांनी तिन्ही चाखली, बिलाशिवाय. आई माळकरी, ती बाहेर बाकावर बसून राहिली. तुम्ही आत जाऊन एक फळ घेऊन आलात आणि तिच्या हातात ठेवलंत: याच्या पानांपासून बनतं हे. आईने फळ फिरवून पाहिलं. खडबडीत, जाड सालीचं, लिंबाच्या चौपट. "अगं, हे तर म्हाळुंग!" आमच्या अंबाबाईच्या उजव्या हातात, खालच्या, हेच फळ आहे. रोज दर्शन घेणारी बाई, पण देवीच्या हाताबाहेर तिने ते क्वचितच पाहिलेलं. मी तुम्हाला हे इंग्रजीत सांगेपर्यंत तुम्ही पलीकडच्या दुकानातून बशीत म्हाळुंगाच्या सालीचा मोरंबा आणि थंड पाण्याचा पेला आणलातही. पाहुणा आला की चमचाभर गोड आणि पाणी पुढे करायची तुमच्याकडची रीत. आईने आधी थोडा बाजूला काढून नैवेद्य दाखवला, मग खाल्ला. तुम्ही टोपी काढून उभे राहिलात. त्याचे वेगळे आभार.

जेवणाचं थोडक्यात, पण कामाचं. मांस-मासे-अंडी नको म्हटलं की ग्रीसमध्ये खानावळीवाले कोशिंबीर पुढे करतात. तुम्ही अपिरांथोसला स्वयंपाकघरात जाऊन "निस्तीसिमो" हा शब्द टाकलात, म्हणजे तुमच्या चर्चच्या उपासाचं. त्याने चित्र पालटलं. पिवळ्या डाळीचा फावा, मोठ्या पांढऱ्या वालाची टोमॅटोतली भाजी, भात भरलेल्या भाज्या. पण उपासाला तुमच्याकडे कालवं आणि ऑक्टोपस चालतं, तेव्हा तेही नको, हे तुम्ही आठवणीने बजावलंत. नाक्सोसचे बटाटे ग्रीसभर नावाजलेले, ऑलिव्ह तेलात तळलेले ते आईने दोनदा मागवले. बाबांनी बोकडाचं मटण घेतलं. त्यांचा निकाल: "शिजवलंय झकास, पण तिखटाचा पत्ता नाही." मी ते भाषांतर करताना निम्मंच सांगितलं होतं, आता पूर्ण झालं. आणि चीजच्या दुकानात आई ग्राव्हिएरा चाखायला हात पुढे करणार तेवढ्यात तुम्ही तो कसा जमवतात ते दुकानदाराला विचारलंत. दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट. आईने हात मागे घेतला. आम्ही तर विचारलंही नसतं.

अपिरांथोसच्या गल्ल्या संगमरवरी फरश्यांच्या, चपला घसरतात, म्हणून तुम्ही आईला सपाट बाजूने आणलंत. मानोलिस ग्लेझोस याच गावचे, जन्म १९२२. ३० मे १९४१च्या रात्री एका मित्राबरोबर अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर चढून नाझींचा झेंडा उतरवणारे. १९२० सालच्या आमच्या आजोबांना ही बातमी तेव्हा कळली असती तर त्यांनी पेढे वाटले असते, असं बाबा म्हणाले.

आता चौथ्या प्रश्नाकडे येते. जेवण झालं, माझ्या हिशेबाने परतायची वेळ. तुम्ही गाडी उलट्या दिशेला, मुत्सूना बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला लावलीत. वळणावर थांबून बाबांना म्हणालात, "चला, तुमच्या कामाची गोष्ट दाखवतो." डोंगरउतारावर गंजलेले लोखंडी मनोरे एकामागून एक खाली समुद्राकडे गेलेले. तारेवर खनिजाची एखादी बकेट अजून लटकलेली. तुम्ही वाकून एक काळपट दगड उचललात, बाबांच्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "एमरी."

बाबांनी हात खालीवर करून वजन घेतलं. मग त्यांनी मोबाइलच्या कव्हरचं चुंबकाचं बटण दगडाला लावलं. बटणाने दगड हलकेच धरला. "लोह आहे यात. आणि कुरुंद, घासायचं कडक खनिज." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, एमरी पेपर! हाच तो!" शाफ्टला शेवटचा हात मारायला त्यांनी जन्मभर एमरी पेपर वापरला. तो कुठल्या डोंगरातून येत असेल असा विचार कधी केला नव्हता.

तुमचे आजोबा याच खाणीत होते हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. डोंगरातल्या या ठरावीक गावांनाच खोदायचा हक्क, तोही वंशपरंपरेने, आणि माल विकत घेणार फक्त सरकार. खडक फोडायला आधी झुडपं पेटवून तो तापवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गाढवांच्या पाठीवरून माल बंदरात जायचा, १९२०च्या दशकात हा रोपवे आला, १९७०च्या दशकाच्या शेवटी तोही थांबला. मुत्सूनाच्या धक्क्यावर बोटी यायच्या बंद झाल्या. "का थांबलं ते मला नीट कुणी सांगितलं नाही," तुम्ही म्हणालात, "मागणी गेली एवढंच ऐकलंय."

आणि मग दिवसभर शांत असलेले माझे बाबा बोलायला लागले. मी मधे भाषांतर करत होते, पण अर्ध्या वेळी तुम्हा दोघांना माझी गरजच नव्हती. बाबांनी सांगितलं की भट्टीत बनवलेलं सिलिकॉन कार्बाइड आलं, कृत्रिम कुरुंद आला. त्याचा दाणा एकसारखा, ग्राइंडिंगचं व्हील कुठेही झिजलं तरी सारखंच कापतं. खाणीतल्या एमरीचं तसं नाही, या दगडात दाणा वेगळा, त्या दगडात वेगळा. "आमच्याकडे कार्बाइड टूलला ग्रीन व्हील, हायस्पीड स्टीलच्या टूलला पांढरं. एमरी नुसती कागदावर राहिली. तुमच्या आजोबांचा माल वाईट नव्हता हो. आमच्या मशिनांना घाई झाली." शेवटचं वाक्य मी तुम्हाला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगायचा प्रयत्न केला होता. तुम्ही मान हलवलीत आणि बाबांना बोटं दाखवायला सांगितलंत. त्यांच्या उजव्या तर्जनीचं पेर व्हीलला लागून चपटं झालंय. तुम्ही ते अंगठ्याने चाचपून पाहिलंत, आणि मग आजोबांच्या कुठल्या बोटाला काय झालं होतं ते स्वतःच्या हातावर दाखवलंत.

रिटायर झाल्यापासून बाबांना त्यांच्या कामाबद्दल कुणी विचारत नाही. आम्हीही नाही. घरी आल्यावर त्यांनी नातवाला रोपवेचं चित्र काढून दिलं, मनोऱ्यांसकट, वर मापं टाकून.

तो दगड त्यांनी जिथून तुम्ही उचललात तिथेच परत ठेवला, हे तुम्ही पाहिलं असेलच.

फ्लेरिओला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. बागेतल्या सावलीत आडवा पडलेला साडेपाच मीटरचा कुरोस, इ.स.पूर्व सहाव्या शतकातला, खाणीतून नेताना पाय मोडला म्हणून तिथेच सोडून दिलेला. आकार आलाय, नाकडोळे नाहीत. आई म्हणाली, "गणपतीला डोळे आखायचे राहिलेत." बाबांनी त्याच्या मांडीवरून हात फिरवला नाही, तुम्ही सांगितलं होतंत म्हणून, पण खाली बसून छिन्नीच्या खुणा मात्र पुष्कळ वेळ पाहिल्या. असले दगड शेवटी एमरीनेच घासून गुळगुळीत करायचे, हे तुम्ही सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बघ, आमचा धंदा किती जुना.

ठरल्यापेक्षा उशीर झाला होता. मी वरचे पैसे देऊ केले, तुम्ही घेतले नाहीत. निदान डिझेलचे तरी घ्यायला हवे होते, असं बाबा अजून म्हणतात. आईने दिलेल्या लाडवांच्या डब्याबद्दल तुमच्या लेकीने कळवलं की संपले. डबा परत पाठवू नका, तो राहू द्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझे दीर आणि जाऊबाई मुलांना घेऊन येताहेत. नंबर दिलाय. त्यांच्यात कुणाला गाडी लागत नाही, गुडघे सगळ्यांचे धड आहेत आणि चौघंही सगळं खातात, तेव्हा त्यांना खुशाल अपोलोनासला न्या. मुलं त्या मोठ्या कुरोसच्या पोटावर चढायला बघतील. त्यांना माझ्या नावाने ओरडा, आईबाप ओरडणार नाहीत.

आपली,
उद्यमनगरवाल्यांची लेक