मोक्याची जागा आणि अर्धा ब्लाइंड

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले दोघांच्या पोकरचे डाव मी नीट बसून वाचले आणि एकच गोष्ट सारखी डोळ्यात आली, बटण (म्हणजे पानं वाटणाऱ्याची खूण) तुझ्याकडे असताना तू निम्म्याहून जास्त वेळा पानं टाकून देतोयस. सहा जणांच्या टेबलावर खेळून ही सवय लागलीय हे कळतं मला, तिथे स्मॉल ब्लाइंडवाल्याला, म्हणजे डावाआधी सक्तीची लहान रक्कम भरणाऱ्याला, फ्लॉपनंतर (टेबलावर पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर) सगळ्यांच्या आधी बोलावं, म्हणजे आपली चाल ठरवावी लागते, त्यामुळे तिथे हात आखडता घेणं बरोबरच आहे. पण दोघंच खेळताना वाटणाराच स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो आणि मग फ्लॉप, टर्न (चौथं पान), रिव्हर (पाचवं पान) तिन्ही वेळा शेवटी. म्हणजे भरायचं निम्मं आणि वर समोरच्याचं ऐकून ठरवायचं, दोन्ही फायदे एकाच खुर्चीला! (त्याला बिग ब्लाइंड, म्हणजे दुप्पट सक्तीची रक्कम, भरायला लावला असता तर तो चारही वेळा शेवटी बोलला असता, ते समोरच्यासाठी आणखी वाईट झालं असतं.) आणि एवढी चांगली जागा तू नुसती सोडून देतोस रे.

शेवटी बोलण्याचं मोल काय ते तुझ्याच एका डावात बघ. तुझ्याकडे बदामची अठ्ठी-सत्ती, फ्लॉपवर बदाम गुलाम, बदाम दुर्री आणि इस्पिक राजा, म्हणजे पाच बदाम व्हायला एकच पान कमी. बटण तुझ्याकडे असतं तर समोरच्याने चेक केल्यावर (काही न लावता पुढे गेल्यावर) तूही चेक करून टर्नचं पान फुकट बघितलं असतंस, किंवा वाटलं तर बेट मारून (चिप्स लावून) पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, तिथेच उचलला असतास. पण तू बिग ब्लाइंडवर होतास, तू चेक केलंस, त्याने ४० लावले आणि तेच पान बघायला तुला चिप्स मोजाव्या लागल्या. पानं तीच, फ्लॉप तोच, फक्त बसायची जागा बदलली.

आता खर्चाचं. १०-२० ब्लाइंडला दोन्ही जागांवर सगळीच पानं टाकलीस तर दोन डावांत ३० जातात, म्हणजे १०० डावांत १५००, आणि तुमचा स्टॅक (एकेकाच्या चिप्स) २००० चा. इतकं महाग असतं गप्प बसणं. म्हणून समोरच्याने ४० चा रेज केला (रक्कम ४० पर्यंत वाढवली) की बिग ब्लाइंडवरून लगेच फोल्ड नको करूस, पानं टाकू नकोस, तुला फक्त २० घालायचेत आणि पॉटमध्ये ६० पडलेत, म्हणजे तुझे २० धरून होणाऱ्या ८० चा २५ टक्के हिस्सा आला तरी बरोबरी. अर्थात आधी बोलणाऱ्याला आपला हिस्सा पूर्ण वसूल होत नाही, त्यामुळे सत्ती-दुर्री टाकच, पण तू राजा-पंजीसुद्धा टाकलीस, ते मला अजिबात पटलं नाही.

तू लिहिलंयस की बिग ब्लाइंडवर काहीही केलं तरी शेवटी तोटाच होतो. होणारच, त्याने खचू नकोस. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ मध्ये सेफियस नावाच्या प्रोग्रामने दोघांचा लिमिट पोकर (ज्यात लावायची रक्कम ठरलेली असते) जवळजवळ पूर्ण सोडवला, त्यात निघालं की दोघंही अचूक खेळले तरी वाटणारा दर १०० डावांत साधारण ९ बिग ब्लाइंड जिंकतो. म्हणजे बिग ब्लाइंडच्या खुर्चीवर अचूक खेळणाराही ९ हरतो, पण सगळं फोल्ड करणारा १०० हरतो. तुझा हिशोब या १०० पासून लाव, शून्यापासून नको. तुमचा नो-लिमिट आहे, रकमेला मर्यादा नाही, तिथे आकडा वेगळा, पण दिशा हीच. आणि पुढच्याच डावाला बटण तुझ्याकडे येतं, तिथे तू ती भरपाई करत नाहीस, खरं दुखणं हे आहे.

एक मात्र लक्षात ठेव, स्टॅक दहा-बारा ब्लाइंडवर आला की शेवटी बोलण्याची किंमत बरीच उतरते, कारण सगळं फ्लॉपआधीच आत जातं आणि नंतर बोलायला काही उरतच नाही, तेव्हा ब्लाइंडच भारी पडतो. त्या वेळचं गणित वेगळं आहे, रविवारी फोनवर बोलू.

आणि खेळ चिप्सवरच ठेव, पैसे लावायचे नाहीत म्हणजे नाहीत, २०२५ च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीही आलीय. पुढच्या वेळी बटणावर टाकलेली सगळी पानं वेगळी लिहून पाठव, एकेक करून बघू. जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई