मुक्तस्रोत प्रणालीतील दोष आपोआप सापडत नाहीत

महोदय,

लिनक्स आणि बीएसडी यांसारख्या युनिक्सच्या घराण्यातील मुक्तस्रोत प्रणालींविषयी आपल्या पुरवणीत नुकताच आलेला लेख वाचला. या प्रणालींचा इतिहास लेखकाने नेटका मांडला आहे. परंतु सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर, सर्वांना खुला असल्यामुळे त्यातील दोष लवकर सापडतात आणि जगभरचे स्वयंसेवक ते दुरुस्त करून टाकतात, हे त्यातील विधान अर्धेच खरे आहे. कोड खुला असल्याने दोष शोधण्याची मुभा मिळते. शोधण्याचे काम मात्र कोणीतरी बसून करावे लागते आणि ते कसे चालते, कुठे अडते, याबद्दल लेखात एक ओळही नाही.

खुल्या कोडमध्ये दोष वर्षानुवर्षे कसे टिकतात, याची उदाहरणे जुनी नाहीत. इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतील (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडसंचातील) ‘हार्टब्लीड’ हा दोष मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतून सर्वत्र पोहोचला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. समोरून आलेल्या संदेशात सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, एवढेच तपासायचे राहून गेले होते. लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे यंत्राची उपकरणे व मेमरी सांभाळणाऱ्या गाभ्यातला, ‘डर्टी काऊ’ हा दोष तर २००७ पासून होता आणि २०१६ मध्ये दुरुस्त झाला. मार्च २०२४ मधले एक्सझेडचे प्रकरण याहून बोलके आहे. फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या या लहानशा प्रकल्पात एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ कामे करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा दरवाजा बसवला. तो उघडण्याची कळ प्रकल्पाच्या खुल्या कोडभांडारात नव्हतीच. वितरणासाठी बांधलेल्या संचात ती वेगळी घातलेली होती, त्यामुळे भांडारातला कोड कोणी ओळीन् ओळ वाचला असता तरी हाती काही लागले नसते. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक वेगळ्याच कारणाने आपल्या यंत्राची गती मोजत होते. एसएसएचने (दुसऱ्या यंत्रात नेटवर्कवरून सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) लॉगइन करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब लागेपर्यंत, म्हणजे हा छुपा दरवाजा सापडेपर्यंत, त्यांनी पिच्छा सोडला नाही. कोड खुला होता म्हणून त्यांना शेवटपर्यंत जाता आले, हे मान्यच आहे. पण ‘चालते आहे ना, मग जाऊ दे’ असे ते म्हणाले असते, तर तो खुलेपणा कोणाच्याच कामी आला नसता.

रोजच्या कामातले दोष एवढे नाट्यमय नसतात. मागच्या आवृत्तीत नीट चालणारे वायफाय किंवा ध्वनी नव्या आवृत्तीत बंद पडतो, हा सर्वांत नेहमीचा प्रकार. लिनक्स कर्नलच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक बदल झालेले असतात. त्यांतला नेमका कोणता नडला हे कोड वाचून ठरवणे अनुभवी विकासकालाही अवघड जाते. तेथे उपयोगी पडते ती गिट या, कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनातील बायसेक्ट ही सोय. चालणारी आवृत्ती आणि न चालणारी आवृत्ती सांगितली की ती मधोमधचा बदल काढून देते. तो कर्नल बांधायचा, त्यावर यंत्र सुरू करायचे, चालते की नाही ते सांगायचे, आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. दहा हजार बदल असले तरी चौदा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. चिकाटी आणि मोकळे यंत्र लागते. पथ्य मात्र एक पाळावे लागते. दोष अधूनमधूनच दिसणारा असेल, तर दोन मिनिटे चालले म्हणून ‘ठीक’ असे उत्तर देऊ नये, कारण एक चुकीचे उत्तर संपूर्ण शोध भलत्याच अर्ध्यात नेते आणि त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्या वाया जातात.

याहून चिवट तक्रार म्हणजे झोपेतून न उठणारा लॅपटॉप. झाकण उघडले की पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो, कीबोर्ड दाद देत नाही. डिस्क अजून जागी झालेली नसल्यामुळे कर्नलला नोंद लिहून ठेवता येत नाही, आणि वीज तोडली की मेमरीत जे असेल तेही जाते. मग पुरावा ठेवायचा कुठे? लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये यावर काढलेला तोडगा मला आजही विलक्षण वाटतो. यंत्र बंद असतानाही बॅटरीवर चालणारे एक घड्याळ मदरबोर्डवर असते. पीएम-ट्रेस ही सोय चालू केली की यंत्र जागे होत असताना कर्नल प्रत्येक टप्प्यावर, आपण कोडच्या कोणत्या ओळीवर आणि कोणत्या उपकरणापाशी आहोत याचा एक आकडा काढून तो तारीख आणि वेळेच्या रूपात या घड्याळात भरतो. यंत्र अडकले की सुमारे तीन मिनिटांच्या आत ते पुन्हा सुरू करायचे, नाहीतर घड्याळ पुढे सरकून आकडा बदलतो. सुरू झाल्यावर तारीख भलतीच दिसते, ती नंतर लावून घ्यावी लागते. पण कर्नल तो आकडा ताडून पाहतो आणि कोणत्या ओळीशी व कोणत्या उपकरणाशी तो जुळतो ते नोंदींत सांगतो. एकाच आकड्याशी दोन-तीन उपकरणेही जुळू शकतात, त्यामुळे तो संशय समजावा, निकाल नव्हे. मग त्या उपकरणाचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा झोपवून पाहायचे.

अशा शोधाच्या शेवटी पुष्कळदा कळते की चूक कर्नलची नाहीच, यंत्र बनवणाऱ्याने त्यातच बसवलेल्या प्रोग्रॅमची, म्हणजे फर्मवेअरची आहे. ते फर्मवेअर बदलणे आपल्या हाती नसते, म्हणून कर्नलमध्ये त्या मॉडेलपुरता अपवाद लिहिला जातो. विकासक अशा अपवादांना क्वर्क म्हणतात आणि कर्नलमध्ये त्यांच्या लांबलचक याद्या आहेत. त्यांतल्या कितीतरी नोंदींमागे तेच यंत्र घेऊन बसलेला आणि तक्रार नीट लिहिणारा एखादा वापरकर्ता आहे. दोष शोधणे हे हलके काम आणि नवे लिहिणे म्हणजे विकास, अशी विभागणी आपल्या लेखातही डोकावते. या क्षेत्रात ती टिकत नाही.

तक्रार नीट लिहिणे हेही कौशल्यच आहे. कर्नल कोसळला की लोक पडद्यावरच्या शेवटच्या ओळींचा फोटो पाठवतात. पण एक बिघाड झाल्यावर त्याच्या परिणामांची रांग लागते आणि खरी माहिती पहिल्या संदेशात असते, जो तोवर वर सरकून गेलेला असतो. तो मिळवायचा तर सिरीयल केबलने किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर नोंदी घ्याव्या लागतात. संदेश आपल्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा द्यावा आणि शेवटची चालणारी आवृत्ती कोणती होती तेही सांगावे. बंदिस्त ड्रायव्हर घातलेला असेल तर कर्नल स्वतःच तशी खूण नोंदींत करतो, आणि विकासक आधी तो काढून पुन्हा पाहायला सांगतात. त्यात उर्मटपणा नसतो, कारण ज्याचा कोड दिसत नाही त्याच्याबद्दल कोणी काय सांगणार? तक्रार कोणाकडे करायची, हेही प्रणालीनुसार बदलते. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी यांत कर्नल आणि मूळ साधने एकाच प्रकल्पात घडतात. लिनक्समध्ये कर्नल वेगळा आणि त्याभोवती संच बांधणारे डिस्ट्रिब्यूशन वेगळे असते, त्यामुळे दोष मूळ कर्नलचा की डिस्ट्रिब्यूशनने घातलेल्या पॅचचा (फेरबदलाचा), हे आधी मूळ कर्नल चालवून पाहावे लागते. ओपनबीएसडीत तर मॅन्युअलच्या पानातली चूकही दोषच मानतात. ही शिस्त इतरांनी उचलावी असे माझे मत आहे.

आपल्या तंत्रज्ञानाच्या सदरात वाचकांच्या अडचणींना बहुधा ‘प्रणाली पुन्हा इन्स्टॉल करा’ असे उत्तर दिले जाते. एखाद्याचे काम त्याने भागत असेलही, पण यंत्रावरचा पुरावा पुसला जातो आणि तोच दोष पुढच्या वाचकाकडे जातो. निदान नोंदी आधी जपून ठेवा, एवढे तरी सदरात सांगितले जावे.

दुसरी विनंती अशी की, नवी आवृत्ती आली की तिच्या सुविधांची यादी छापण्यापेक्षा आवृत्ती येण्याआधीच्या आठवड्यांची ओळख वाचकांना करून द्यावी. लिनक्स कर्नलमध्ये नवे बदल स्वीकारण्याचे सुमारे दोन आठवडे संपले की दर आठवड्याला एक चाचणी-आवृत्ती निघते. अशा सात, कधी आठ निघाल्यावर पक्की आवृत्ती येते. वापरकर्त्याकडे जे चालत होते ते मोडू नये, हा कर्नलच्या विकासातला कडक नियम आहे, आणि या काळात तक्रार आली तर नडलेला बदल सरळ मागे घेतला जातो. सहा महिन्यांनी आली, तर त्यावर दुसरे शंभर बदल उभे राहिलेले असतात. विकासकांच्या टेबलावर नवी यंत्रे असतात; दहा वर्षांपूर्वीचे लॅपटॉप, जुने प्रिंटर, विचित्र साउंड कार्डे वाचकांच्या घरी आणि कार्यालयांत असतात. आपले सर्व्हर या प्रणालींवर फुकट चालवणाऱ्या संस्थांनी असे एखादे जुने यंत्र आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचे आठवड्यातले काही तास या चाचणी-आवृत्त्यांसाठी द्यावेत, हे आवाहनही आपल्या पुरवणीतून करता येईल.

आपला नम्र,
प्रणाली-देखभालीच्या कामातील एक वाचक