चि. अश्विनीस पत्र

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, ‘आप्पा, एकाच माणसाला अकरा वेळा आमदार करणारा आपला सोलापूर जिल्ह्यातला सांगोला म्हणजे निव्वळ भक्तांचा तालुका.’ तुझ्या मैत्रिणी गाडीत होत्या म्हणून मी गप्प बसलो. आता सविस्तर लिहितो.

आबासाहेब, म्हणजे गणपतराव देशमुख, 1962 ला पहिल्यांदा निवडून आले. पक्ष शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, चिन्ह खटारा, आणि राज्यात काँग्रेसची एकहाती सत्ता. 1967 ला पुन्हा आले. 1972 ला याच तालुक्यानं त्यांना पाडलं. दोन वर्षांनी पोटनिवडणूक लागली, तेव्हा परत आणलं. पुढे 1990 पर्यंत सलग. मग 1995 ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना 192 मतांनी हरवलं. मी तेव्हा मतमोजणीच्या ड्युटीवर होतो. मतपत्रिकांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे असत. 192 म्हणजे असे आठ गठ्ठेही धड भरत नाहीत! टेबलावरची माणसं शाईनं बरबटलेल्या बोटांनी पुन्हा पुन्हा आकडे ताडून बघत होती. त्यानंतर 1999 ते 2014 चार वेळा पुन्हा आबासाहेबच निवडून आले. भक्त असे दोनदा घरी बसवतात का देवाला?

आणि बाई, त्यातला बहुतेक काळ ते विरोधी बाकावर होते. मंत्रिपद मिळालं ते 1978 च्या पुलोद, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि 1999 नंतर थोडा काळ. विरोधी आमदाराच्या हातात निधी नसतो, बदल्या नसतात. असतात ते मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यायला लावणारे तारांकित प्रश्न, तातडीच्या विषयावरची लक्षवेधी, अपुऱ्या उत्तरावरची अर्धा तास चर्चा, खर्चाच्या मागणीला कात्री सुचवणारी कपात सूचना. या हत्यारांवर अर्धशतक काढायचं तर विधेयक कलमाकलमानं वाचावं लागतं. आबासाहेब वकील, ती चिकाटी त्यांच्यात होती. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते ना, तिच्यावर खरोखर बसणारा आमदार आमच्या पिढीनं पाहिला. साधेपणाचं हे कौतुक पेपरवाल्यांना फार. मला त्यापेक्षा त्यांचं सभागृहातलं काम मोठं वाटतं.

त्यांच्या भाषणांत एकच धोशा असायचा : पाणी. माणदेशाच्या कोरड्या पट्ट्याला कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं आटपाडीच्या पाणी परिषदांना ते उभे राहिले. टेंभू, म्हैसाळ ही कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या योजनांची नावं तुला लहानपणी पाठ होती, ती या ओरडण्यामुळं. आपल्याकडे कापसाचं पीक नावापुरतं, तरी सूतगिरणी उभी केली. बायकांना हाताला काम मिळावं म्हणून महिलांची वेगळी गिरणीही काढली. लोक हसले होते आधी.

आता तुझ्या बाजूनंही बोलतो. इतकी वर्षं आमदार राहूनही शेवटच्या गावापर्यंत पाणी आलं नाही, हे खरंच आहे. टँकर मागण्यात आमचं आयुष्य गेलं. दुसरी फळीही त्यांनी वेळेत उभी केली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. 2019 ला वयामुळं ते थांबले तर उमेदवार कोण, नातू अनिकेत. तो शहाजीबापूंकडून 768 मतांनी पडला. 2021 च्या जुलैत आबासाहेब गेले. 2024 ला दुसरा नातू, डॉ. बाबासाहेब, शेकापकडूनच निवडून आला. घराणेशाही म्हण हवं तर, मी भांडणार नाही.

तू एका आमदारांच्या कार्यालयात सहायक म्हणून जायचं म्हणतेस, जा. पण आधी विधिमंडळाच्या ग्रंथालयात बसून विधानसभेच्या कार्यवाहीचे जुने खंड काढ. आबासाहेबांनी दुष्काळावर विचारलेले प्रश्न बघ, मंत्र्यांची उत्तरं बघ. उत्तर टाळलं गेलं की आबासाहेब पुढच्या अधिवेशनात काय करत, तेवढं टिपून मला कळव. डाळिंबाचा बहार धरलाय, त्यामुळं दिवाळीपर्यंत माझं पुण्याला येणं होणार नाही.

तुझे,
आप्पा