बाळ्या, या वेळी मी सांगून टाकलं

लॅम्बॉर्न, इंग्लंड,
गुरुवार, रात्री

प्रिय बाळ्या,

दिवाळीत फोन करीन म्हणालो होतो, केला नाही. शिव्या घाल, पण पत्र शेवटपर्यंत वाच. मी बरा आहे, गुडघा थंडीत दुखतो, बाकी ठीक. हे घरी कुणाला लिहिता येणार नाही. आईला तर नाहीच.

आमच्या तबेल्यातला तो जॉकी आठवतो? ज्याचा फोटो बघून तू "हा घोड्यावर बसतो की घोडा याच्यावर?" म्हणाला होतास, तोच. आता चौतिशीचा आहे. इथे जंपिंगला, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या शर्यतींना, घोड्यावरचं कमीत कमी वजन ६४ किलोच्या आसपास असतं, म्हणून उंच माणसं चालतात. पण एवढ्या हाडापेराला तेही राखणं जीवघेणं. कोविडनंतर रेसकोर्सवरचे सॉना, घाम काढायच्या त्या गरम खोल्या, कायमच्या बंद झाल्या, त्यामुळे हा पहाटे घरच्या टबात कढत पाण्यात बसून घाम काढतो आणि तसाच उपाशी एक्झेटर नाहीतर लडलोच्या रेसकोर्सपर्यंत गाडी हाणतो. कधी एकाच राइडसाठी.

एका राइडचे साधारण दोनशे पौंड. त्यातून एजंटचे द्यायचे, खोगीर-कपडे सांभाळणाऱ्या वॅलेचे द्यायचे, पेट्रोल घालायचं. सकाळी आमच्याकडे येऊन कच्च्या घोड्यांना हर्डलवरून, त्या अडथळ्यांवरून, उड्या शिकवतो ते फुकट, पुढे त्यातला एखादा आपल्याला मिळेल या आशेवर. आणि पंधरा-वीस राइडमागे एकदा पडणं आलंच.

शिकाऊ होता तेव्हा त्याच्या मागे लोक असायचे. इथे शिकाऊ पोराला वजनात सात पौंड सूट असते. २० विनर झाले की पाच, ४० झाले की तीन, आणि ७५ ला सूट संपते. ज्या दिवशी पंचाहत्तरावा जिंकला त्या दिवशी सगळ्यांनी पाठ थोपटली, म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यापासून फोन थंडावला. मॅकॉय सलग २० वर्षं चॅम्पियन होता, त्याच वेइंग रूममध्ये हाही कपडे बदलायचा. त्याचं नाव आपल्या पुण्यातल्या रायडिंग बॉयलाही माहीत. याचं त्याच्या गल्लीत माहीत असलं तरी खूप.

मंगळवारी एका छोट्या कोर्सवर शेवटून दुसऱ्या हर्डलला घोडी गुडघ्यांवर आली आणि हा डोक्यावर आपटला. उठला, डॉक्टरांना सगळी उत्तरं बरोबर दिली. माझा जीव भांड्यात पडला.

काल सकाळी घोड्यांना उड्या शिकवायला आला. मी पाय उचलून त्याला वर चढवलं, घोडीचं तोंड धरून उभा राहिलो. तो डावी रिकाब वर घ्यायला वाकला. पट्ट्याची भोकं बोटानं मोजली. सोडून दिली. परत मोजली. तिसऱ्यांदा मोजताना मला विचारलं, "ही कुठली घोडी?" मी नाव सांगितलं. जरा वेळानं पुन्हा तेच. अरे, तिला पहिली उडी यानंच शिकवलेली! नंतर लिदीच्या ढिगामागे जाऊन ओकला. तोंड पुसत आला आणि म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. शनिवारी दोन राइड आहेत."

बाळ्या, मला तिथल्या तिथे पुणं दिसलं. तो जुलै, तो पाऊस, तू चिखलातून उठून माझी कॉलर धरलेली. "जमादाराला सांगू नकोस." मी तबेल्याच्या त्या मुकादमाला नाही सांगितलं. पुढचं तुला माहीत, मलाही.

आणि ती काळी घोडी मी तुझ्याकडून हिसकावली असं तू अजून म्हणतोस, तुझ्या मेहुण्याकडून कळलं. ती ट्रेनरनं दिली. तू हॉस्पिटलात होतास म्हणून दिली. तिच्यावर बसलो तेव्हा पोटात काय झालं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही.

गावातच ओक्सी हाउस आहे, २००९ पासून, जखमी जॉकींसाठी. हंसळी मोडलेली पोरं तिथे हसतखेळत व्यायाम करतात. सहा आठवड्यांत परत घोड्यावर. डोक्याचं तसं नसतं. शनिवारी हा पुन्हा आपटला असता तर?

आज दुपारी मी इथल्या मुकादमाला, हेड लॅडला, सांगितलं. त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. आता चाचण्या होऊन डॉक्टर मोकळं करेपर्यंत त्याला चढता येणार नाही, आणि राइड नाही तर फी नाही. दोन्ही घोडे पाच पौंड सूटवाल्या पोराला गेले. संध्याकाळी तो खोगीर न्यायला आला, माझ्या समोरून गेला, मान वर केली नाही. त्याला तीन वर्षांची मुलगी आहे.

तू मला एवढंच लिही. त्या दिवशी मी जमादाराकडे गेलो असतो, तर तू माझ्याशी पुन्हा बोलला असतास का? माझं मन राखायला काही लिहू नकोस.

पिंकीची दहावी कशी चाललीय? गणिताची शिकवणी लाव. रिक्षाचं कर्ज फिटलं का? वहिनींना नमस्कार. सोमवारी पैसे पाठवतोय, ते कर्जात घालू नकोस, आधी कान दाखव. उजवा.

तुझा,
दिन्या